इरावती कर्वे : कवटीपासून कुळापर्यंत

ब्रह्मदेशातील मिंज्यान या गावी १५ डिसेंबर १९०५ रोजी गणेश हरी करमरकर या अभियंत्यांच्या घरी कन्यारत्न जन्मले. त्या देशाच्या महानदीवरून तिचे नाव इरावती ठेवण्यात आले. सातव्या वर्षी ती पुण्याच्या हुजूरपागेत दाखल झाली. तेथे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या कन्या शकुंतला यांच्याशी तिची मैत्री जडली आणि परांजपे कुटुंबाने तिला आपल्याच घरात वाढविले. जन्मदाते दूर परदेशी आणि जडणघडण मात्र एका बुद्धिवादी, ग्रंथप्रेमी घरात! माणूस रक्ताने किती घडतो आणि सहवासाने किती, हा इरावतीबाईंच्या पुढील आयुष्यातील अभ्यासविषय असा त्यांच्या बालपणीच त्यांच्या वाट्याला आला होता.

फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळविल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्या बर्लिनला गेल्या. मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजाजननशास्त्र यांना वाहिलेल्या कैसर विल्हेल्म संस्थेत प्रा. ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते.

फिशर त्या काळचे मोठे नाव. माणसाचे गुणावगुण वंशावर ठरतात, अशी त्यांची धारणा होती. युरोपीय गोऱ्यांची तर्कबुद्धी इतरांहून श्रेष्ठ असते आणि तिची खूण कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमतेत सापडेल, असे त्यांचे अनुमान होते. ते पडताळून पाहण्याचे काम या तरुण विद्यार्थिनीकडे आले. इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या बारकाईने मोजल्या. असमता आढळली, पण ती सर्वच वंशांच्या कवट्यांत होती. वंशाशी तिचा संबंध जुळेना. परदेशी विद्यार्थिनीने अशा वेळी गुरूंच्या मताला अनुकूल अर्थ लावला असता, तर फारसे कोणाला नवल वाटले नसते. इरावतीबाईंनी मापांनी जे सांगितले तेच लिहिले आणि १९३० मध्ये डॉक्टरेट संपादन केली.

या प्रामाणिकपणाचे मोल पुढील इतिहासावरून कळते. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांची संस्था नाझी राजवटीच्या वंशधोरणाची पाठराखीण बनली. ऱ्हाइनलँडमधील कृष्णवर्णीय पित्यांच्या मुलांची १९३७ मध्ये सक्तीने नसबंदी करण्यात आली, त्या कामी फिशर यांच्यासारख्या तज्ज्ञांचे अभिप्राय घेतले गेले होते. मोजपट्टी चुकीच्या गृहीतकाच्या हाती पडली की काय होते, याचे ते भीषण उदाहरण होय.

मायदेशी परतल्यावर काही वर्षे महिला विद्यापीठाचे कुलसचिवपद सांभाळून इरावतीबाई १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तेथेच रमल्या. मोजपट्टी त्यांनी टाकली नाही, तिला विचारायचा प्रश्न मात्र बदलला. महाराष्ट्रातील गावोगावी जाऊन त्यांनी माणसांची मापे घेतली, तशीच नातीही नोंदली. भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरेत मुलगी परक्या गावी, अनोळखी घरात दिली जाते. दक्षिणेत ती पुष्कळदा आत्याच्या किंवा मामाच्या घरीच सून होऊन जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला : येथे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. सासरी नववधूने डोक्यावरचा पदर किती पुढे ओढावा, कोणाशी बोलावे, कोणासमोर गप्प राहावे, हे अशा रीतींवर ठरते. वागणुकीचे मूळ त्यांना रक्तात नव्हे, नात्यांच्या रचनेत सापडले.

कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ अंतर्विवाही गटांची शारीरिक तुलना त्यांनी केली. सामाजिक दर्जा समान, तरी शरीरलक्षणांत गटागटांत लक्षणीय अंतर दिसले. एकाच कुळाच्या फुटून या पोटजाती झाल्या, ही समजूत त्यामुळे डळमळली. वेगवेगळे गट आपापल्यातच लग्ने करीत राहिले आणि त्यांचे वेगळेपण टिकले, असा त्याचा अर्थ. फिशर यांच्या मते रक्त माणसाचे वर्तन ठरवीत होते. येथे माणसाने पाळलेला विवाहनियमच रक्ताची वाट ठरविताना दिसला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानेही सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत भारतातील समूह मोठ्या प्रमाणावर मिसळत होते आणि नंतर अंतर्विवाहाने ते वेगळे राहिले, असा निष्कर्ष काढला.

शरीरमापांवर त्यांनी टाकलेला विश्वास आज जुना वाटतो. उंची व डोक्याचा आकार यांवर आहाराचा आणि परिस्थितीचाही परिणाम होतो. त्यांच्या जातिविषयक उपपत्तीवरही मतभेद झाले. तथापि पुराव्यापुढे गुरूचे, समाजाचे किंवा स्वतःचे मत मोठे मानू नये, ही त्यांची शिस्त जुनी झालेली नाही.

सामान्य मराठी वाचकाला त्या भेटतात ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ आणि साहित्य अकादमीने गौरविलेल्या ‘युगान्त’ मधून. महाभारतातील व्यक्तींना देव्हाऱ्यातून उतरवून त्यांनी कुळ, नाती आणि परिस्थिती यांच्या कोंडीत सापडलेली माणसे म्हणून पाहिले. बर्लिनमधल्या त्या कवट्यांकडे पाहणारी दृष्टीही तीच होती. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ग्रंथालयाच्या कपाटात शास्त्र आणि ललित हे विभाग वेगळे असतात. इरावतीबाईंची पुस्तके मात्र दोन्हीकडे शोधावी लागतात.