आठ पैशांचा हिशेब

पेणला कॉलेजसाठी मी खोली घेतली ती १९७६ च्या जूनमध्ये. खोली माझ्या एकट्याची नव्हे, तिघांची. मंगलोरी कौलांची आणि पावसात दोन ठिकाणी हमखास गळणारी. भाडं तिघांत वाटून घ्यायचं, तांदूळ ज्यानं त्यानं घरून आणायचे आणि रॉकेलचा स्टो सगळ्यांत मिळून एक. रोह्याहून आई आठवड्यातून दोनदा एसटीच्या कंडक्टरच्या हाती डबा देई. सकाळच्या गाडीनं आलेला डबा संध्याकाळच्या गाडीनं रिकामा परत जाई. कधी कुळथाचं पिठलं, कधी सुकट, कधी वालाचं बिरडं. आमच्या जिल्ह्यातली किती पोरं त्या कंडक्टरांच्या जिवावर शिकली, याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडायची नाही.

मला हिशेबाची वही ठेवायची सवय होती. पुढं बँकेत चिकटलो ते काही उगाच नाही. त्या वर्षी एका महिन्याला माझ्या वहीत अकरा रुपये शिल्लक पडली. एवढी शिल्लक त्याआधी कधी पडली नव्हती. कारण साधं होतं. रात्रीचा स्टो पेटवायचाच नाही, असं आम्ही ठरवलं होतं. युक्ती माझीच. दुपारचा भात रात्री खायचा, तो नसेल तर पोहे भिजवायचे. मी डब्याच्या जोरावर तरून गेलो. आमच्यातल्या तिसऱ्याचं गाव एसटीच्या वाटेवर नव्हतं. त्याला डबा येत नसे. त्याचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. कारण ती वही इतक्या वर्षांनी मला आठवली, ती आमच्याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या हिशेबामुळं. त्याचं नाव विनायक नरहर भावे. जग त्यांना विनोबा म्हणून ओळखतं.

पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ ला, याच जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले आणि रोह्यात वाढले. एकानं पुढं रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री होऊन नोटांचा कारभार पाहिला. दुसऱ्यानं पैशाला हात लावायचा नाही असं ठरवलं. पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी बँकेच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला या जोडीचं कुतूहल वाटलं नाही तरच नवल. पण खरं सांगायचं तर कॉलेजच्या वयात मी चिंतामणरावांच्या बाजूचा होतो. १९७६ साली आणीबाणी चालू होती आणि विनोबांना सरकारी संत म्हणून हिणवणाऱ्यांत आम्ही पोरंही होतो. त्यांच्या विद्यार्थिदशेचा हिशेब मी वाचला तो पुष्कळ उशिरा, स्वतःचं पासबुक बऱ्यापैकी भरल्यावर.

काटकसर त्यांच्या घरातच होती, पण ती एका चमत्कारिक तऱ्हेची. वडील नरहरराव बडोद्याला नोकरीला. शास्त्रीय वळणाचा, मोजूनमापून चालणारा माणूस. आई रुक्मिणीबाई भक्तिमार्गी. तिनं एकदा देवाला लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला आणि रोज एकेक दाणा मोजायला बसू लागली. नरहररावांनी सुचवलं की, तोळाभर तांदळात किती दाणे बसतात ते एकदा मोजावं आणि त्या हिशेबानं वजन करून टाकावं. कमी पडायला नको म्हणून वर थोडे जास्त घालावेत. बँकेतला कुठलाही माणूस या सूचनेला मान डोलवील. आईला काही उत्तर सुचेना. तिनं मुलाला विचारलं. विन्यानं निकाल आईच्या बाजूनं दिला. हे नुसतं गणित नाही, एकेका दाण्याबरोबर देवाचं नाव घेणं आहे, असं त्याचं म्हणणं. गंमत अशी, की या मुलाचा आवडता विषय गणित होता.

त्याच घरातली दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांच्या जेवणाची आहे. त्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत किंवा एखाद्या घरी आश्रयाला राहत. भाव्यांकडेही असा एक मुलगा होता. घरात शिळं अन्न उरलं तर आई ते स्वतः खाई, फार झालं तर विन्याला वाढी. त्या परक्या मुलाच्या पानात मात्र नेहमी ताजं. विन्यानं आईला चिडवलं, की हा भेदभाव झाला. आईनं तो कबूल केला. तू मला पोटचा म्हणून दिसतोस आणि तो देवासारखा दिसतो, ज्या दिवशी तूही तसा दिसशील त्या दिवशी भेद राहणार नाही, अशा अर्थाचं काहीसं ती म्हणाली. अन्न वाया घालवायचं नाही, पण त्याची झीज पाहुण्यानं सोसायची नाही, घरच्यानं सोसायची, असा त्या स्वयंपाकघराचा नियम होता. मला तो वाचताना आमची पेणची खोली आठवली.

बडोद्यात विनायकाचा खर्च असा नव्हताच. मैलोन् मैल चालायचं आणि वाचनालयात बसायचं. मित्र जमवून त्यानं एक विद्यार्थी मंडळ काढलं होतं. चर्चा, व्याख्यानं, पुस्तकांचा साठा, सगळं पोरांनीच उभारलेलं. १९१६ साली इंटरची परीक्षा आली. त्याआधी एक दिवस त्यानं आईच्या चुलीत आपली प्रमाणपत्रं घातली. २५ मार्च १९१६ ला परीक्षेसाठी म्हणून मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि भुसावळमार्गे काशीला गेला. याच सुमारास चिंतामणराव केंब्रिजला जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र शिकत होते. मॅट्रिकला १९१२ साली ते मुंबई विद्यापीठात पहिले आले होते आणि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली होती. एकाच जिल्ह्यातल्या दोन हुशार पोरांच्या वाटा इतक्या फाकलेल्या क्वचितच पाहायला मिळतील.

काशीत विनायकाला संस्कृत शिकायचं होतं आणि खिशात जवळजवळ काही नव्हतं. दुपारी अन्नछत्रात जेवण मिळे आणि वर दोन पैसे दक्षिणा. त्या दोन पैशांत रात्र निघे. एका पैशाचं दही, एका पैशाची रताळी. हा हिशेब मी किती वेळा वाचला असेन. आजच्या पोराला तो पटायचा नाही, पण बाहेरगावी शिकलेल्या कुणालाही त्याची चव कळेल. याच मुक्कामात त्यानं एक कुलूप विकत घेतलं. दुकानदारानं खऱ्या किमतीच्या कितीतरी पट मागितले. यानं घासाघीस केली नाही. रास्त किंमत एवढी आहे, तुम्ही जास्त मागताय, तरी देतो, असं सांगून पैसे मोजले. रोज त्याच दुकानावरून जाणंयेणं. काही दिवसांनी दुकानदारानंच हाक मारून जादा पैसे परत केले. दोन पैशांत रात्र काढणारा मुलगा हा. त्याला ते पैसे जड गेले नसतील असं कोण म्हणेल?

पण काशीच्या या हिशेबाला एक काळी बाजू आहे. बरोबर आलेला मित्र तिथं आजारी पडला आणि गेला. परक्या गावात दोन-अडीच महिन्यांच्या आत. पुरोहित न बोलावता गंगेच्या काठी विनायकानंच त्याला अग्नी दिला. तेव्हा त्याचं वय वीस. विनोबांची चरित्रं या ठिकाणी लगेच पुढं सरकतात, कारण पुढं गांधीजी येतात. काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गांधीजींनी फेब्रुवारीत केलेल्या भाषणाचा वृत्तान्त वाचून विनायकानं त्यांना पत्र लिहिलं आणि ७ जून १९१६ ला तो अहमदाबादेस कोचरबच्या आश्रमात दाखल झाला. मला मात्र त्या घाटावर थोडं थांबावंसं वाटतं.

कारण त्यानंतरचा त्याचा हिशेब बदललेला दिसतो. १९१७ साली तो वर्षाची रजा घेऊन वाईला गेला. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायची होती, शिवाय तब्येत सुधारायची होती. वर्षभरात काय केलं याचा लेखी अहवाल त्यानं गांधीजींना पाठवला. तो अहवाल एखाद्या शाखेच्या ताळेबंदासारखा आहे. पोटात काय घातलं तेही त्यात तोलून लिहिलंय. दूध साठ तोळे, वीस तोळे ज्वारीच्या दोन भाकरी, चार-पाच केळी, मिळालं तर एक लिंबू. आजच्या मापात दूध पाऊण लिटरला जरा कमी, ज्वारी पाव किलोला जरा कमी. मसाले बंद. पण त्याआधी भाकरी वगळून नुसतं दूध, केळी, लिंबू असा प्रयोग करून पाहिला होता. शक्ती कमी झाली, म्हणून तो सोडून दिला, हेही त्यानं प्रामाणिकपणे नोंदवलंय. खर्चाच्या रकान्याशेजारी त्यानं शक्तीचा रकाना आखला होता. माझ्या वहीत तो नव्हता.

वाईतही त्यानं विद्यार्थी मंडळ काढलं आणि वाचनालय उभारलं. पैसा? तो जात्यातून आला. पंधरा विद्यार्थी लोकांचं धान्य दळून देत, दोन शेरांना एक पैसा. बऱ्या घरची मुलंही दळायला बसत. दोनेक महिन्यांत चारशेच्या घरात पुस्तकं जमली. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती यानंतर, १९१९ साली. विद्यार्थ्यानं हातानं कमवावं आणि ताठ मानेनं शिकावं हा विचार त्या मुलखाच्या हवेतच असावा. एकेकट्यानं पोट मारून पैसे वाचवण्यापेक्षा पंधराजणांनी मिळून जातं फिरवणं, हा मला आजही विद्यार्थ्यांसाठी सर्वांत शहाणा जमाखर्च वाटतो.

मग वर्धा. तिथं १९२३-२४ च्या सुमाराला विनोबा अर्थशास्त्राचे ग्रंथ वाचत होते. वाचता वाचता त्यांना वाटलं, की गरीब देशाचं अर्थशास्त्र शिकायचं तर गरिबाच्या खर्चात राहून शिकावं. रोजचा खर्च त्यांनी दोन आण्यांवर आणला. दोन आणे म्हणजे तेव्हाचे आठ पैसे. सात पैसे अन्नाला, एक पैसा जळणाला. ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, थोडी भाजी, मीठ नाहीतर चिंच. वर्षभर हे चाललं. १९२४ मध्ये गांधीजींचा दिल्लीला एकवीस दिवसांचा उपवास झाला तेव्हा तिकडं जावं लागलं आणि प्रयोग संपला. बँकेत मी अर्थशास्त्राच्या पदव्या घेतलेले पुष्कळ साहेब पाहिले. जळणाचा पैसा वेगळा काढणारा एकही पाहिला नाही.

या माणसाला देव्हाऱ्यात बसवायचा माझा इरादा नाही. वाईचा शक्तीचा रकाना पुढं त्यांनीच पुसला. सूत कातून त्या मजुरीवर जगायचे प्रयोग, अखंड श्रम, आणि १९३८ साली वजन अठ्ठ्याऐंशी पौंडांवर आलं. चाळीस किलो फक्त. तेव्हा गांधीजींनी काळजी केली आणि विनोबा जमनालाल बजाजांच्या पवनारच्या बंगल्यात राहायला गेले. डोक्यातल्या सगळ्या चिंता सोडून तिथं त्यांनी वजन चाळीस पौंडांनी वाढवलं. पुढं तिथंच १९५० मध्ये त्यांनी कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा प्रयोग आरंभला. त्याच वर्षी दिल्लीत अर्थखात्याची सूत्रं चिंतामणरावांच्या हाती आली! १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकर दान मिळालं आणि भूदान सुरू झालं. पायी चालून चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन त्यांनी मागून आणली. त्यातली पुष्कळशी कागदावरच राहिली, प्रत्यक्ष वाटली गेली नाही. सातबाऱ्याशी ज्याचा जन्म गेला त्याला याचं दुःख होतं, पण आश्चर्य वाटत नाही.

दोघं गेलेही पाठोपाठ. चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ ला, विनोबा १५ नोव्हेंबरला. विनोबांनी शेवटचे दिवस अन्न आणि औषध घेणं थांबवलं होतं. खर्चाचं खातं त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केलं.

आता आमच्या खोलीतला तिसरा. अकरा रुपये शिल्लक पडली त्याच महिन्यात त्याला कावीळ झाली. कावीळ पाण्यानं होते, उपाशी राहून नाही, हे मला ठाऊक आहे. पण डॉक्टरांनी त्याचं मनगट हातात धरून पहिला प्रश्न विचारला तो रात्री काय जेवता हा. आम्ही दोघांनी खाली पाहिलं. त्याचे वडील येऊन त्याला घेऊन गेले. तो बरा झाला, पण कॉलेजात परत आला नाही. डबा मला येत होता. दोन घास त्याच्या ताटात पडले असते तर माझ्या वहीत काहीच फरक पडला नसता. गागोद्याच्या त्या माउलीला जे आकड्यांवाचून कळलं होतं, ते मला वही लिहूनही कळलं नव्हतं.

रोह्याच्या शाखेत असताना, २००४ च्या पावसाळ्यात, तो माझ्यासमोर येऊन बसला. केस पिकलेले, अंगानं तसाच किरकोळ. मुलीला पुण्याला शिकायला पाठवायचं होतं, शैक्षणिक कर्जाचा अर्ज घेऊन आला होता. पेणच्या खोलीचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. फी, पुस्तकं, वसतिगृह, असे एकेक आकडे आम्ही तपासत गेलो. खाणावळीच्या रकमेशी आल्यावर त्यानं कागदावर बोट ठेवलं आणि यात दोन्ही वेळचं जेवण धरलंय ना, एवढंच विचारलं.

मी होय म्हणालो. तरी ती रक्कम पुन्हा एकदा त्याच्यासमोर बेरीज करून दाखवली. मग त्यानं सही केली.