57 पैकी 54: स्वतःच्या अपयशाचा हिशेब मांडणारे सर्जन माइल्स

मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. तिथे कॅन्सर झालेल्या पेशंटच्या डिस्चार्ज पेपरवर कधीकधी 'एपीआर' अशी तीन अक्षरं असतात. घरच्यांना त्यातून एवढंच कळतं की शौचाची जागा कायमची बंद झाली, आता पोटावर पिशवी. जगभरचे सर्जन मात्र हे ऑपरेशन माइल्स यांच्या नावानेही ओळखतात.

विल्यम अर्नेस्ट माइल्स यांचा जन्म 1869 चा. वडील वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर क्वीन्स रॉयल कॉलेजचे मुख्याध्यापक, त्यामुळे मुलाचं शिक्षणही तिथेच झालं. डॉक्टरकी शिकायला ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये आले. पुढे सेंट मार्क्स या गुदविकारांच्या हॉस्पिटलात डेव्हिड गुडसॉल यांच्या हाताखाली काम केलं आणि दोघांनी मिळून त्या विषयावर पुस्तकही लिहिलं. मूळव्याध, भगंदर, फिशर असल्या दुखण्यांचा हा विषय. चारचौघांत बोलायला आजही लाज वाटते, तेव्हाची तर गोष्टच नको.

त्या काळी गुदाशयाचा कॅन्सर बहुतेक वेळा खालच्या बाजूने, म्हणजे बैठकीकडून कापून काढत. पोट उघडणं जिवावरचं काम होतं, म्हणून सर्जन ते शक्यतो टाळायचे. माइल्स यांनीही 1899 ते 1906 या काळात अशी 57 ऑपरेशनं केली. ऑपरेशन झालं, पेशंट घरी गेला, की बरेच जण ते यश समजून पुढच्या केसकडे वळत. माइल्स यांनी तसं केलं नाही. घरी गेलेल्यांचं पुढे काय झालं हे ते बघत राहिले. 57 पैकी 54 जणांना कॅन्सर परत झाला होता. टक्क्यांत सांगायचं तर जवळजवळ 95. धंद्यात असा ताळेबंद निघाला तर माणूस दुकानाला कुलूप लावेल. आपल्याच हाताचा असा आकडा जगासमोर ठेवायला छाती लागते.

मग कॅन्सर परत येतो तो नेमका कुठून? दगावलेल्या पेशंटची शवविच्छेदनं त्यांनी बारकाईने पाहिली. रोग परत उगवत होता तो वर, पोटात. खालून कितीही कापलं तरी हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

याचं कारण रक्तवाहिन्यांच्या रचनेत आहे. गुदाशयाला रक्त तीन दिशांनी मिळतं. मुख्य पुरवठा वरून होतो. कण्यापुढच्या महाधमनीतून एक फांदी निघते, ती डाव्या बाजूच्या आतड्याला उपफांद्या देत देत ओटीपोटात उतरते आणि गुदाशयाच्या मागे पोचते. दोन्ही बाजूंनी आणि खालून येणाऱ्या वाहिन्या त्यामानाने लहान. आता मुद्दा असा, की लसीका नावाचा द्रव ज्या बारीक नळ्यांतून वाहतो त्या याच रक्तवाहिन्यांच्या सोबतीने जातात. त्यांच्या वाटेवर गाठी असतात आणि कॅन्सर याच वाटेने सरकतो. म्हणजे धमनीचा माग काढला की रोगाचाही माग लागतो. माइल्स यांनी वर, बाजूला आणि खाली असे पसरण्याचे तीन पट्टे मांडले आणि तिन्ही एकाच वेळी काढायचे ठरवले. आधी पोट उघडून धमनी बांधायची, गाठींसह आतडं सोडवायचं, पोटावर नवीन मार्ग करायचा आणि मग खालून उरलेला भाग काढायचा.

ही पद्धत त्यांनी डिसेंबर 1908 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापली. पोट आणि बैठक दोन्हीकडून जाण्याची कल्पना नवी नव्हती, जर्मनीत चेर्नी यांनी ती आधी केली होती. पण रोग कसा पसरतो यावर बेतलेलं ऑपरेशन माइल्स यांचं. किंमत मोठी होती. पहिल्या 12 पेशंटपैकी 5 जण दगावले. तरीही त्यांनी पद्धत सोडली नाही, कारण जे वाचत होते त्यांच्यात रोग परतण्याचं प्रमाण खूपच खाली आलं होतं.

पण एक नोंद या हिशेबात राहिली. आपल्याकडे 'नस' म्हटलं की रक्ताचीही नस आणि संवेदनेचीही नस. माइल्स यांनी पहिलीचा पाठलाग केला, त्यांच्या पद्धतीत दुसरीला वेगळी जागा नव्हती. महाधमनीच्या पुढून चेतातंतू उतरतात, कण्याच्या तळाजवळ दोन बाजूंना फाटतात आणि ओटीपोटाच्या भिंतीलगत, माकडहाडाच्या वरच्या हाडातून येणाऱ्या तंतूंना मिळून जाळं करतात. लघवी रोखणं आणि करणं, पुरुषाचं लैंगिक सामर्थ्य, सगळं याच जाळ्यावर. जास्तीत जास्त रुंद कापायचं म्हटलं की ते कापलं जाणारच. माणूस कॅन्सरमधून वाचायचा, पण लघवी तुंबायची आणि संसारातली एक गोष्ट कायमची संपायची. ही तक्रार डॉक्टरांपर्यंत तरी किती जण नेत असतील?

माइल्स 1947 मध्ये वारले. खालच्या दिशेला रोग क्वचितच पसरतो हे कथबर्ट ड्यूक्स यांच्या अभ्यासातून त्यांच्या हयातीतच पुढे आलं होतं. त्यामुळे अनेकांची शौचाची जागा वाचवता येऊ लागली. अमेरिकेत मेयो क्लिनिकचे क्लॉड डिक्सन यांनी 1948 मध्ये अशा ऑपरेशनांचे निकाल छापले. चेतातंतू वाचवण्याकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे बिल हील्ड यांनी 1982 मध्ये गुदाशयाभोवतीच्या चरबीचं आवरण अखंड काढण्यावर भर दिला. त्या आवरणाच्या बाहेर लगेच चेतातंतू असतात, म्हणून नेमक्या पापुद्र्यातून गेलं की रोगही निघतो आणि तंतूही राहतात. रोग अगदी गुदद्वाराच्या स्नायूंपर्यंत गेला असेल तर मात्र आजही एपीआर करावं लागतं.

आणखी एक वाद 1908 पासून चालू आहे. माइल्स धमनी पहिल्या उपफांदीच्या खाली बांधत. त्याच वर्षी लीड्सचे मॉयनिहन यांनी ती थेट महाधमनीजवळ बांधायला सांगितलं. वर बांधली तर जास्त गाठी निघतात, पण चेतातंतू तिथेच असतात. खाली बांधली तर उरलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा चांगला राहतो. दोरा कुठे बांधायचा यावर सर्जन मंडळींचं अजूनही एकमत नाही.