बुडालेल्या दिवसांचा हिशेब

संप मिटला की बातमीत एक आकडा हमखास येतो: कामाचे इतके दिवस वाया गेले. तो काढण्याची रीत सोपी आहे. संपकऱ्यांच्या संख्येला संपाच्या दिवसांनी गुणायचे. शंभर माणसे दहा दिवस घरी बसली, की हजार दिवस बुडाले. १९२८ साली हिंदुस्थानात असे ३ कोटी १६ लाख दिवस बुडाले. त्यांतला सर्वांत मोठा वाटा मुंबईच्या कापडगिरण्यांचा होता.

त्या काळाशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते नारायण मल्हार जोशी आज बहुतेकांना लोअर परळच्या रस्त्यापुरतेच ठाऊक आहेत. त्यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन काही वर्षे त्यांनी मास्तरकी केली. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि १९११ मध्ये मुंबईत त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालये अशा कामांतून गिरणगाव त्यांना जवळून दिसले. १९२० मध्ये आयटकची स्थापना झाली, तीत त्यांचा पुढाकार होता.

त्याच सुमारास मद्रासच्या एका गिरणीने संपाबद्दल कामगार पुढाऱ्यांनाच कोर्टात खेचले. संघटना बांधणेही गुन्ह्यासारखे ठरू लागले. १९२१ मध्ये जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी केली. तो कायदा व्हायला १९२६ उजाडले.

मधल्या काळात, १९२५ मध्ये, मुंबईच्या मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरात गिरण्या बंद पडल्या. डिसेंबरात सरकारने कापडावरची जकात तहकूब केली, तेव्हा मालकांनी कपात मागे घेतली. कामगारांच्या उपासमारीने मालकांचेही जुने गाऱ्हाणे दूर झाले, हे मात्र कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

१९२८ चा प्रश्न वेगळा होता. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, असा नवा बेत होता. माग वाढले की माणसे कमी लागणार, हे कामगाराला सांगावे लागत नव्हते. जोशी स्वभावाने मवाळ, वाटाघाटीवर भिस्त ठेवणारे. सरसकट संप त्यांना पसंत नव्हता. पण दीड लाखाच्या आसपास माणसे बाहेर पडल्यावर ते बाजूला राहिले नाहीत. कम्युनिस्टांशी मतभेद असूनही डांगे प्रभृतींबरोबर संयुक्त संप समितीत बसले. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत भोंगे जवळजवळ मुके होते. कितीतरी कुटुंबे कोकणात नि घाटावर गावी गेली. मागे राहिलेल्यांची चूल वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर पेटली. अखेर फॉसेट चौकशी समितीच्या बोलीवर गिरण्या सुरू झाल्या.

बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला एक गोष्ट ठळक दिसते. संपाने बुडालेले दिवस सरकार मोजत होते. बाळंतपणात, आजारपणात बुडणारे दिवस मात्र बाईच्या एकटीच्या नावे पडत. जोशींनी हे दुसरे खाते उघडले. १९२४ मध्ये त्यांनी बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले, पण १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात कितीतरी दिवस अडकून राही, त्याला १९३६ च्या कायद्याने मुदत घातली. कामगारांची स्थिती तपासणाऱ्या शाही आयोगावरही जोशी होते.

१९२९ मध्ये नागपुरात आयटक फुटली. जोशी बाहेर पडले, पण पुढे एकी झाल्यावर १९४० मध्ये पुन्हा सरचिटणीस झाले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज त्या रस्त्यावर गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत. तिथल्या एखाद्या कचेरीतली मुलगी पगारी रजा घेऊन बाळंतपणाला माहेरी जाते, तेव्हा त्या रजेच्या मुळाशी जोशींचे फेटाळलेले विधेयकही असते.