विश्लेषण : ३५ राज्ये तयार, एक मिळेना! अमेरिकी महिलांच्या मताधिकारासाठी झुंजलेल्या कॅरी चॅपमन कॅट कोण होत्या?

अमेरिकी काँग्रेसने ४ जून १९१९ रोजी महिलांना मताधिकार देणारी १९वी घटनादुरुस्ती मंजूर केली. पण खरी परीक्षा पुढेच होती. ४८ पैकी ३६ राज्यांच्या विधिमंडळांनी होकार दिल्याशिवाय ती लागू होणार नव्हती. ही मोहीम चालवत होत्या कॅरी चॅपमन कॅट.

कोण होत्या कॅट?

जन्म १८५९चा, विस्कॉन्सिनमधला. बालपण आयोवातल्या शेतावर गेले. १८८०मध्ये पदवी घेतली तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. पहिले पती लग्नानंतर दीड वर्षातच टायफॉइडने गेले. दुसरे पती जॉर्ज कॅट इंजिनीअर होते आणि पत्नीच्या चळवळीला त्यांचा पाठिंबा होता. १९१५मध्ये कॅट मताधिकार संघटनेच्या दुसऱ्यांदा अध्यक्ष झाल्या. राज्याराज्यांत मताधिकार मिळवत जायचे आणि त्याच बळावर वॉशिंग्टनवर दबाव आणायचा, असा त्यांचा आराखडा होता. १९१७मध्ये न्यूयॉर्क जिंकल्यावर तो चालतो हे दिसले.

नॅशव्हिलमध्ये काय घडले?

मार्च १९२०पर्यंत ३५ राज्ये झाली. जूनमध्ये डेलावेअरने नकार दिला आणि सारी भिस्त टेनेसीवर आली. जुलैमध्ये कॅट नॅशव्हिलच्या हर्मिटेज हॉटेलात उतरल्या. विरोधकांचा तळही तिथेच! समर्थकांच्या कोटावर पिवळा गुलाब, विरोधकांच्या कोटावर लाल. देशात दारूबंदी होती, तरी आमदारांना व्हिस्की पाजली जात होती.

सिनेटने दुरुस्ती सहज मंजूर केली. प्रतिनिधिगृहात मात्र १८ ऑगस्टला ती बाजूला सारण्याच्या प्रस्तावावर ४८-४८ अशी बरोबरी झाली. मग थेट दुरुस्तीवरच मतदान झाले. २४ वर्षांचे आमदार हॅरी बर्न यांच्या कोटाला लाल गुलाब होता, खिशात मात्र आईचे पत्र. दुरुस्तीला साथ दे, असे तिने कळवले होते. बर्न यांनी होकार दिला आणि पारडे फिरले. हा निर्णय उलटू नये इतपत गणसंख्याच राहू नये म्हणून काही विरोधी आमदार अलाबामात निघून गेले, पण उपयोग झाला नाही. २६ ऑगस्टला दुरुस्ती लागू झाली.

मग सगळ्या महिलांना मत मिळाले?

नाही. दक्षिणेत मतदान कर आणि साक्षरता चाचण्यांच्या आडून कृष्णवर्णीय महिलांना रोखले गेले. खुद्द कॅट यांनी महिलांच्या मतांमुळे गोऱ्यांचे वर्चस्व वाढेल, असा युक्तिवाद केला होता. त्यांच्या चरित्रातला हा डाग पुसता येत नाही. कॅट १९४७मध्ये वारल्या. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या मतदानाला ठोस संरक्षण देणारा कायदा आला तो १९६५मध्ये.