ताराबाई शिंदे

हिवरा आश्रम ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात बुलढाणा गावी १८५० च्या सुमारास ताराबाईंचा जन्म झाला. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून होते. मुलींना शिकविणे त्या काळी निंद्य मानीत; तरी त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. विवाहानंतरही ताराबाई माहेरीच राहिल्या; जावईच घरी राहावयास आला.

१८८१ साली सुरतेस एका विधवेवर खटला चालला. काही वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीलाच दोष दिला. तेव्हा ताराबाईंनी लेखणी उचलली. पत्नी वारताच पुरुष पुन्हा विवाह करतो, मग विधवेलाच ते वर्ज्य का, असा प्रश्न त्यांनी १८८२ च्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकात केला. पुष्कळांनी निंदा केली. जोतीराव फुले यांनी मात्र त्यांची बाजू घेतली. वडिलांनी घरी दिलेली विद्या अशी घरोघरच्या लेकीसुनांच्या कामी आली.