फुलामुलांचे रेव्हरंड टिळक

ऑक्टोबर १८९० मध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींनी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला आणि कसबा, शनिवार पेठांतील सनातनी समाज खवळून उठला. ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ताचा घोळ पुढे दीर्घकाळ चालला. मिशनचा एक पेला चहा इतका महाग पडण्याच्या त्या दिवसांत, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, नारायण वामन टिळक या दुसऱ्या चित्पावन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेले टिळक वृत्तीने भटके. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिले. गिरिप्रवचनापाशी ते थबकले, ते कायमचेच. किंमत मात्र पत्नीने मोजली. लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू काही वर्षे त्यांच्यापासून दूर नातलगांच्या आश्रयाने राहिले. पुढे त्या नगरला (आताचे अहिल्यानगर) आल्या, तरी सोवळे सांभाळूनच. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण तो पतीच्या आग्रहाखातर नव्हे, स्वतःच्या मनाचा कौल घेऊन. 'स्मृतिचित्रे' वाचताना हा तपशील विसरून चालणार नाही.

सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाने १९५० पासून 'नार्निया'च्या जादुई राज्यात मुलांसाठी आपली ख्रिस्तश्रद्धा गुंफली. टिळकांना अशी वेगळी दुनिया रचण्याची गरज भासली नाही. त्यांच्या कवितेत फूलच बोलू लागते. 'वनवासी फूल' हे दीर्घकाव्य म्हणजे रानातले फूल आणि कवी यांचा संवाद. फुलामुलांचे कवी हे बिरुद त्यांना शोभले, कारण त्यांचे घरही पोरक्या मुलांनी भरलेले असे. बालकवी ठोमरे यांनाही या घराची माया लाभली.

धर्म बदलला, पण ओवी-अभंग सुटले नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. परदेशी पेहरावातला ख्रिस्त त्यांना रुचत नसे. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. हे धाडस आम्हांस बाप्तिस्म्याहूनही मोठे वाटते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. त्यांनीच ज्यांना लिहावाचायला शिकवले, त्या लक्ष्मीबाईंनी पुढे ते पूर्ण केले.