ताराबाईंचे अंगण आणि सेनगावची शाळा

प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आपल्याकडे बहुधा अंतराच्या भाषेत मांडला जातो. शाळा वस्तीपासून किती लांब, खोल्या किती आणि शिक्षक किती, एवढे मोजले की हिशेब पुरा झाला असे समजण्याची आपल्याला सवय जडली आहे. २००९ साली संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यानंतर महाराष्ट्राने नियम केले, तेही याच पद्धतीचे. पाचवीपर्यंतची शाळा एका किलोमीटरच्या आत असावी आणि त्यापुढची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्यात ठरले. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याला ही मोजपट्टी लावली तर फारशी तक्रार करण्याजोगे काही दिसणार नाही. गावोगाव जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि कित्येक तांड्यांवरही ती पोहोचली आहे.

तरीही दिवाळी सरली की पट आणि हजेरी यांतले अंतर वाढू लागते. ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे कोयता म्हणतात. त्या कोयत्यामागे तान्हे मूल जाते आणि तान्ह्याला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी जाते. जी कुटुंबे गावातच राहतात, त्यांच्याकडे हळद काढणीच्या दिवसांत आई पहाटे शेतावर जाते आणि धाकट्याला कडेवर घेऊन बहीण दारात बसते. शाळा तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असते. कायद्याचा किलोमीटर तिने ओलांडलेला नसतो, पण शाळेचा उंबरठाही ओलांडलेला नसतो. मग तिला अडवले कोणी, या प्रश्नाचे उत्तर अंतराच्या भाषेत देता येत नाही.

हे उत्तर सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी एका बाईंनी शोधले होते. ताराबाई मोडक हे नाव शिक्षकांना परिचयाचे आहे. बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांना मानाचे पान मिळाले आहे. परंतु त्यांच्या कार्याचे जे मर्म आजच्या सेनगावला सर्वाधिक उपयोगी पडावे, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. घरात प्रार्थना समाजाचे संस्कार होते. मुलीने शिकावे याला विरोध होण्याऐवजी उत्तेजनच मिळावे, अशी घरे त्या काळी थोडी होती आणि ताराबाईंचे घर त्यांपैकी एक होते. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण हा संसार टिकला नाही. १९२१ साली तो मोडला. पदरी लहान मुलगी होती. पतीपासून वेगळे होऊन एकटीने मूल वाढवणारी स्त्री ही त्या काळातील समाजाच्या दृष्टीने अपवादात्मक आणि बरीचशी संशयास्पद अशी व्यक्ती होती. कुटुंबाची नेहमीची घडी विस्कटली म्हणजे लहान मुलाचे काय होते आणि मिळवती आई त्याला कोणाच्या हवाली करते, हा प्रश्न ताराबाईंना पुस्तकातून भेटला नाही. तो त्यांच्या घरातच उभा होता.

उपजीविकेसाठी त्या राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पगार, प्रतिष्ठा आणि स्थैर्य या तिन्ही गोष्टी तेथे होत्या. पण शेजारच्या भावनगरात गिजुभाई बधेका हे वकिली सोडलेले गृहस्थ दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर चालवीत होते. छडी नाही, घोकंपट्टी नाही आणि मूल आपल्या हातांनी, आपल्या गतीने शिकते, हा तेथला प्रकार ताराबाईंनी पाहिला आणि १९२३ साली प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गेल्या. पुढची नऊ वर्षे त्या तेथे होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मराठी शिक्षणपत्रिकेच्या द्वारे ताराबाईंनी हे विचार महाराष्ट्रातील पालकांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत नेले.

या विचारांचा उगम मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत होता. त्या पद्धतीच्या जन्माची हकीकत येथे आठवण्यासारखी आहे. १९०७ साली रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह निघाले. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली मुले चाळींच्या जिन्यांवरून उंडारत, भिंती खराब करीत. तेव्हा इमारतींच्या चालकांनी त्याच इमारतीत मुलांना सांभाळण्याची सोय करण्याचे ठरवले आणि ते काम माँटेसरीबाईंकडे सोपवले. म्हणजे जगभर नावाजलेली ही शिक्षणपद्धती मुळात श्रमिक कुटुंबाच्या एका साध्या अडचणीतून निघाली. पुढे ती श्रीमंत शहरांत गेली, तिची साधने महाग झाली आणि ज्या घरांसाठी ती जन्मली त्याच घरांना ती परकी झाली.

ताराबाईंच्या आयुष्याला वळण मिळाले ते या विसंगतीच्या जाणिवेने. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. दादरचा मध्यमवर्ग त्या वेळी नव्या इमारतींत नवा संसार थाटत होता. गावाकडचा वाडा, त्यातले अंगण, आजी, काकू आणि चुलत भावंडे मागे राहिली होती. दोन-तीन खोल्यांत वाढणाऱ्या मुलाला सवंगडी नव्हते आणि मोकळी जागाही नव्हती. शिशुविहाराने त्याला हे दोन्ही दिले. संस्था नावारूपाला आली आणि तेथेच थांबल्या असत्या तरी ताराबाईंच्या नावाला काही उणे आले नसते. पण हे शिक्षण फी देणाऱ्यांपुरतेच राहिले, तर देशातील बहुसंख्य मुलांना त्याचा काय उपयोग, हा प्रश्न त्यांना गप्प बसू देईना.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. बालवैधव्य आलेल्या आणि शिक्षिका म्हणून उभ्या राहिलेल्या अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. बालवाडी उघडली, पण हरिजनवस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. एक तर अस्पृश्यतेचा धाक होता आणि दुसरे म्हणजे आईबाप मजुरीला गेल्यावर घर आणि धाकटी भावंडे या मुलांच्याच अंगावर पडत. अशा वेळी पालक उदासीन आहेत असा शेरा मारून मोकळे होण्याची वाट सर्वांना ठाऊक असते. ताराबाईंनी ती धरली नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असे ठरवून त्यांनी वस्तीतच बालवाडी भरवली. महागड्या साधनांची जागा शिंपल्यांनी, गारगोट्यांनी, बियांनी आणि पानाफुलांनी घेतली. नखे काढणे, अंघोळ घालणे, केस विंचरणे हाही त्या शाळेच्या अभ्यासाचाच भाग झाला. अंगणातली ही बालवाडी म्हणजे आजच्या अंगणवाडीची पूर्वज होय.

१९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. भोवती वारली समाजाचे पाडे होते. पिढ्यान्पिढ्यांच्या वेठबिगारीविरुद्ध तेथील आदिवासींनी १९४५ सालीच उठाव केला होता. जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न ऐरणीवर आला होता, पण पाटी-पेन्सिल अजून पाड्यापर्यंत आली नव्हती. येथे ताराबाईंच्या विचाराने पूर्ण आकार घेतला. थोरले मूल शाळेत यायचे तर त्याच्या कडेवरच्या मुलाची सोय आधी झाली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आली. बहीण धाकट्याला घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि स्वतः वर्गात बसे. जी मुले गुरे राखायला जात त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जाई. गुरे चरत आणि मुले शिकत. ही कुरणशाळा पाहून काही जणांना हसू आले असेल, पण तिच्यामागे एक गंभीर सिद्धान्त होता. गरीब घरातील मूल रिकामे नसते. त्या घराच्या अर्थव्यवस्थेतील एक काम त्याच्याकडे सोपवलेले असते. ते काम कोणी तरी उचलल्याखेरीज मूल मोकळे होत नाही.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने देशातील ३३ प्रकल्पक्षेत्रांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ साली आपल्या मृत्यूपर्यंत सांभाळले. ताराबाईंचा अर्धा विचार अशा रीतीने देशभर पोहोचला. उरलेला अर्धा मात्र टेकडीवरच राहिला.

ज्या काळात बोर्डीच्या अंगणात हे प्रयोग चालले होते, त्या काळात सेनगावचा परिसर निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता. शेजारच्या मुंबई प्रांताने १९४७ साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. शिक्षणाचा प्रसार तोकडा, खेड्यात शाळा विरळा, अशा अवस्थेतून हा भाग उठला. पुढच्या पिढ्यांनी शाळा मिळवल्या आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. इमारतींची लढाई बऱ्याच अंशी जिंकली गेली. दरम्यान घर मात्र बदलले. जमिनीच्या वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, तरुण जोडपी पुण्या-मुंबईकडे किंवा उसाच्या फडाकडे गेली. ज्या एकत्र कुटुंबात आजी-काकूंच्या भरवशावर तान्हे मूल टाकून थोरल्याला शाळेत पाठवता येत असे, त्याचे आधार निखळले. कोठे आजी-आजोबा नातवंडांसह गावी राहतात तर कोठे त्यांनाच कोणी बघणारे उरलेले नाही. शाळेचे वेळापत्रक मात्र जुने घर अजून उभे आहे असे गृहीत धरून चालते.

शासनाने यावर काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. मूल नातेवाइकांकडे गावातच राहते, त्याच्या जेवणाची सोय होते आणि शाळा सुटत नाही. कल्पना चांगली आहे. तथापि टोळी निघून गेल्यावर मंजुरी आली तर तिचा लाभ कोणी घ्यायचा? शिवाय फडावर नेलेल्या मुलीला कोणत्या कामासाठी नेले, याचा विचार या योजनेत येत नाही. ती तान्ह्यासाठी गेलेली असते आणि तान्ह्याला वसतिगृहात प्रवेश नसतो. अंगणवाडी आहे, पण आई शेतावरून परतण्याच्या कितीतरी आधी ती बंद होते. २०२२ पासून पालना योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद झाली आहे. ही तरतूद ज्या तालुक्यांना सर्वांत आधी मिळायला हवी त्यांत सेनगावसारखे तालुके येतात. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हक्क मानतो आणि सहाच्या आतील मुलांची व्यवस्था शासनाच्या मर्जीवर ठेवतो. धाकट्याचा हक्क नाकारला की थोरलीचा हक्क कागदावरच राहतो, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

उलट दिशेचे वारेही वाहत आहेत. २०२३ साली वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूहशाळा उभारण्याचा विचार राज्य शासनाने पुढे आणला. खर्चाच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही. पण तांड्यावरची लहान शाळा मिटली आणि मुलांना वाहनाने दुसऱ्या गावी नेले, तरी धाकट्याला सांभाळणारी मुलगी त्या वाहनात बसणार नाही. तिच्या बाबतीत शाळा दूर गेली एवढाच त्याचा अर्थ होईल.

सेनगावच्या शिक्षकाला ताराबाईंचे अनुकरण करून कुरणात जावे लागेलच असे नाही. प्रत्येक काळाचे अंगण निराळे असते. परंतु गैरहजर मुलीच्या नावापुढे शेरा लिहिण्यापूर्वी तिच्या घरी या क्षणी तान्हे मूल कोणाकडे आहे, एवढी चौकशी प्रत्येक शाळा करू शकते. तालुक्यातील शाळांनी ही माहिती दसऱ्यापूर्वी गोळा केली, पंचायत समितीने ती मागितली आणि वसतिगृहाची व पाळणाघराची मंजुरी टोळ्या निघण्याआधी हातात पडली, तर पुष्कळ मुली गावात राहतील. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. स्वतःचे घर मोडल्यावर ज्या बाईंनी असंख्य घरांतील मुलांना शाळेची वाट मोकळी करून दिली, त्यांच्या नावाचे स्मारक उभारायचे झाले तर ते जिल्हा परिषदेच्या शाळेशेजारी बांधलेल्या एका साध्या पाळणाघराच्या रूपाने उभे राहावे.